दारावरून पुढे

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ‘उंबरा’ विक्रीला खुला झाला. अभिनंदननं बटण दाबलं, स्क्रीनवरची राखाडी पट्टी हिरवी झाली. आणखी काही झालं नाही. खाली अडत दुकानात हळदीचे सौदे चालले होते, त्यांचा आरडाओरडा जिन्यातून वर येत होता.

“झालं?” त्रिशलानं विचारलं.

“झालं की.”

“मग पेढा खाऊ?”

“एकच खा. दुसरा यश आल्यावर.”

“यश कितीला येतंय म्हणाला होतास?”

“दुपारपर्यंत.”

तिनं पेढा निम्मा तोडला, निम्मा माझ्या पुढ्यात ठेवला.

आम्ही तिघंच होतो. अभिनंदन चौगुले गेमचा सगळा प्रोग्रॅम लिहायचा. त्याची धाकटी बहीण त्रिशला चित्रं काढायची. मी त्याआधी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होते. गेममध्ये जे थोडे शब्द होते ते माझे, आणि बाहेरच्या लोकांशी बोलणं माझ्याकडे. अभिनंदन मला संपादकबाई म्हणायचा, त्रिशला वृंदाताई. खोली सांगलीच्या मार्केट यार्डात, त्यांच्या मामांच्या दुकानावर. कितीही पुसलं तरी कीबोर्डच्या फटींत हळद साठायची.

त्या दिवशी गेमखेरीज आणखी एक निर्णय व्हायचा होता, आणि तो तिघांनाही माहीत होता. त्रिशलाला दीक्षा घ्यायची होती. दिगंबर जैन साधूंचा आणि आर्यिकांचा, म्हणजे साध्वींचा, एक संघ तेव्हा सीमेपलीकडे, बेळगावच्या बाजूला मुक्कामाला होता. आधी काही वर्षं संघाबरोबर राहायचं, मग दीक्षा. संघातल्या मोठ्या माताजींनी तिला एकच अट घातली होती : घरच्या सगळ्यांची अनुमती घेऊन ये. आई-वडिलांनी ती दिली होती. अभिनंदननं दिली नव्हती. “गेम बाहेर पडेल त्या दिवशी सांगतो,” असं म्हणून त्यानं ते वर्षभर लांबवलं होतं.

माझ्याजवळ तो सरळ बोलायचा. “तिच्या मनात नाही हे. दमली आहे ती. मला तिच्या मनातलं कळतं.”

“विचारलंस का तिला?”

“विचारायला कशाला पाहिजे? तुम्ही बघताय की रोज.”

रोज बघत होते हे खरं होतं. गेमच तसा होता.

त्यांच्यात साधू आहाराला निघतात तेव्हा मनात एक विधी धरून निघतात. अमुक दिसलं तरच थांबायचं. दारात दोघं उभे असतील तर, किंवा कुणाच्या हातात नारळ असेल तर, किंवा असंच काही. तो विधी कुणाला सांगायचा नसतो. लोक आपापल्या दारात कलश, फळं, श्रीफळ घेऊन उभे राहतात, या म्हणून बोलावतात. विधी जुळला तर साधू थांबतात. कुठंच जुळला नाही तर त्या दिवशी उपास. ही भावंडं मिरजेजवळच्या त्यांच्या गावात हे बघत वाढली होती, आणि लहानपणी तोच खेळ खेळायची. त्रिशला डोक्यावरून आईचा पांढरा पंचा घेऊन माताजी व्हायची. अभिनंदन स्वयंपाकघरातलं सापडेल ते घेऊन दारात उभा.

‘उंबरा’ त्यातूनच आला. गेममध्ये कुठला धर्म नव्हता, देऊळ नव्हतं. एक प्रवासी आणि एक घरधनी, दोन खेळाडू. गावाच्या वेशीवर प्रवाशाला एक चित्र दिसतं : पाण्याचा तांब्या, आंब्याचा डहाळा, उजवीकडं बसलेलं मांजर. ते फक्त त्यालाच दिसतं. ऊन डोक्यावर यायच्या आत घरधन्यानं दारात वस्तू मांडायच्या. प्रवासी गल्लीतून फेऱ्या मारतो. चित्र जुळलं की तो आपोआप थांबतो आणि दोघं जेवतात. एखादीच वस्तू बरोबर असली तर दारासमोर त्याची चाल जराशी मंद होते. तेवढीच खूण. एकमेकांशी बोलायची काही सोय नाही. जिंकले तर दोघं, उपाशी राहिले तर दोघं.

चाचणीला ही दोघं समोरासमोर बसायची. टेबलावर दोन स्क्रीन पाठीला पाठ लावून. ती प्रवासी, तो घरधनी. सुरुवातीला प्रवाशाला बऱ्याच फेऱ्या मिळायच्या. अभिनंदन दुसऱ्या फेरीत ओळखायला लागला तशा त्यानं फेऱ्या कमी केल्या. मग वस्तू वाढवल्या. मग ऊन लवकर चढवलं. तरी तो ओळखायचा. मी माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून ऐकायचे : त्याचं मांडणं, थोडी शांतता, आणि मग प्रवासी जेवायला बसल्याची घंटा.

“सोपं होतंय,” तो म्हणायचा. “अजून कस लागला पाहिजे.”

“बाहेरच्या कुणाला तरी खेळू दे,” मी म्हणायचे.

एकदा त्यानं दोन मावसभावांना बसवलं. त्यांना पहिल्या गावाच्या पुढं जाता आलं नाही. “ते एकमेकांकडं बघतात कुठं?” अभिनंदन म्हणाला. “मोबाइलकडं बघतात.” त्रिशला त्या वेळी खिडकीत उभी होती. 

दुपारी बारापर्यंत पहिले अभिप्राय आले. ते वाचून दाखवायचं काम माझं.

“‘चित्रं सुंदर. खेळ अशक्य.’”

“पुढचं,” अभिनंदन म्हणाला.

“‘माझ्या बायकोबरोबर खेळलो. आता ती दुसऱ्या खोलीत आहे.’”

त्रिशला हसली. अभिनंदन पण हसला.

“‘साथीदाराच्या मनात काय आहे हे मला कसं कळणार? ज्यांनी बनवला त्यांना तरी कळतं का?’”

“पुढचं.”

“पुढं अशीच आहेत.”

एक वाजेपर्यंत काही जणांनी पैसे परत मागितले होते. दुसरं गाव पार केलेली एकही जोडी दिसत नव्हती. अभिनंदन जेवला नाही. टेबलाभोवती फिरत होता.

“लोकांना सवय नाही. दाखवावं लागेल. तीनला सगळ्यांसमोर खेळू. मी आणि त्रिशा. लाइव्ह.”

“दादा, नको,” त्रिशला म्हणाली.

“का?”

“उगाच. एखाद-दुसरी फेरी वाढव की. लोकांना खेळू दे जरा.”

“मुळात चुकलंय काय ते आधी दाखवतो त्यांना. चूक गेममध्ये नाही.” मग तो माझ्याकडं वळला. “संपादकबाई, लिहा तिथं. तीन वाजता ज्यांनी बनवला तेच खेळून दाखवतील.”

मी लिहिलं. तो खुर्चीत बसला आणि खालच्या आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “आणि त्याच्यानंतर तुझं उत्तर देतो.”

तीनला लोक जमले. फार नाहीत, पण आम्हाला अपेक्षा होती त्याहून जास्त. मी टेबलाच्या टोकाला बसले, लोक काय लिहितायत ते वाचायला. तिथून मला दोघांचेही हात दिसत होते.

पहिल्या गावाचं चित्र : निळा पडदा, उंबऱ्यावर दोन दिवे, टोपलीत जांभळं. मला त्रिशलाची स्क्रीन तिरपी दिसत होती. अभिनंदननं दारात नारळ मांडला, एक दिवा, पिवळा पडदा. प्रवासी गल्लीत शिरला.

“आता बघा,” अभिनंदन माइकमध्ये म्हणाला. “चालीकडं लक्ष द्या. सगळं चालीत आहे.”

दारासमोर आल्यावर त्रिशलाचं बोट कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या शेवटच्या कळीवर गेलं. टिक्. प्रवासी चालत पुढं गेला. तिनं परत कळ दाबली. टिक्, टिक्. प्रवासी गल्लीच्या टोकाला पोचला होता.

तिनं मान वर केली. समोर स्क्रीनची पाठ होती, अभिनंदन त्याच्या पलीकडं.

“हां,” तो म्हणाला. “एक फेरी जाऊ शकते.”

दुसऱ्या फेरीला त्यानं नारळ काढून आंबे ठेवले. टिक्. टिक्. टिक्. प्रवासी गेला. ऊन डोक्यावर आलं, गाव संपलं, पडद्यावर आमचीच ओळ आली : ‘आज दोघंही उपाशी.’ ती मी लिहिली होती.

‘हाहा,’ कुणी तरी लिहिलं. ‘सराव कमी पडला वाटतं.’

“परत,” अभिनंदन म्हणाला.

दुसऱ्या वेळी नव्या चित्रातला एक दिवा बरोबर होता. चाल मंद झाली आणि त्यानं ती ओळखली. “बघा, बघा,” तो म्हणाला, आणि मग बाकी सगळं चुकीचं बदललं. तिसऱ्या वेळी काहीच जमलं नाही. त्रिशलाचं बोट आता त्या कळीवर जात नव्हतं. ती फक्त चालवत होती. चौथ्या वेळी अभिनंदन माइकमध्ये बोलायचा बंद झाला.

‘सख्खी भावंडं आहेत ना हो?’ कुणी तरी विचारलं. मी ते मोठ्यानं वाचलं नाही.

एका टप्प्यावर त्यानं वस्तू मांडायच्या सोडून दिल्या. हात मांडीवर ठेवून बसला. प्रवासी त्याच्या रिकाम्या दारावरून पुढं गेला. अभिनंदननं उठून प्रक्षेपण बंद केलं.

खाली हमाल कुणाला तरी ओरडत होते. त्यानं खुर्ची फिरवून घेतली.

“त्रिशा, तू कुठली कळ दाबत होतीस?”

तिनं हात कीबोर्डवरून काढून घेतला.

“पहिल्या दोन फेऱ्यांत दाबलीस. नेहमी दाबतेस. टिक् झालं की तू थांबतेस, हे मी रोज ऐकतो. मला वाटायचं, थांबताना कळ दाबायची सवय आहे तुझी.” तो पुढं वाकला. “पण थांबायला कळ लागतच नाही. मीच लिहिलंय ते. चित्र जुळलं की तो आपला आपण थांबतो.”

“तू काढलीस ती?” तिनं विचारलं.

“काल. विकायच्या प्रतीत चाचणीच्या कळा ठेवत नाहीत.”

“मला सांगायचं होतंस.”

“का?”

मला अजून समजलं नव्हतं. त्यानंच मला सांगितलं, पण बघत तिच्याकडं होता. “जेवायला बसण्याची हालचाल नीट होते का ते बघायला सारखं चित्र जुळवत बसायचा कंटाळा यायचा. म्हणून मी एक कळ केली होती. ती दाबली की प्रवाशाच्या मनातलं चित्र बदलतं. दारात जे मांडलं असेल तेच त्याच्या मनात येतं.”

खोलीत पंख्याचा आवाज होता.

“किती वेळा?” त्यानं विचारलं.

“तू दमलेला असायचास.”

“किती वेळा, त्रिशा?”

“पहिल्या गावात एकदा खरंच ओळखलं होतंस. दोन केळी आणि पितळेचा तांब्या.”

“आणि बाकी?”

तिनं मान हलवली.

अभिनंदननं टेबलावरची हळद बोटानं एका बाजूला सारली. मग परत पसरली. मी माझ्या स्क्रीनकडं बघत राहिले. पैसे परत मागणाऱ्यांची संख्या बदलली होती. फेऱ्या का कमी केल्या, ऊन का लवकर चढवलं, वस्तू का वाढवल्या, या सगळ्याचं कारण आता समोर होतं, आणि ते दुरुस्त करायला तासाभराचं काम होतं. ते आत्ता सांगावं की नंतर, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. डेस्कवर काम केलेल्या माणसाला आधी दुरुस्ती सुचते.

“लहानपणी कुठं होती कळ?” अभिनंदन म्हणाला. “तेव्हाही तू माझ्याच दारात थांबायचीस. प्रत्येक वेळी. मी काय वाट्टेल ते घेऊन उभा असायचो. लाटणं घेऊन उभा होतो एकदा.”

“लहानपणी मी मनात काही धरायचेच नाही,” ती म्हणाली. “तू उभा असायचास. मी थांबायचे.”

त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग विचारलं, “आता धरलंयस?”

“होय.”

एवढंच ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, रडण्याचा नव्हता. पेढा खाऊ का म्हणून विचारताना होता तसाच होता.

अभिनंदन उठून खिडकीपाशी गेला. खाली ट्रक मागं घेत होते, ‘येऊ दे, येऊ दे’ चाललं होतं. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

“मग जा,” तो म्हणाला.

“असं नको म्हणूस.”

“कसं म्हणू? अनुमती आहे म्हणू? अनुमती आहे. संपादकबाई साक्षीदार.”

मी माझी स्क्रीन बंद केली. कुणी बोलावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं, म्हणून आईचा डबा रोजच्यासारखा उजेड असतानाच आला. आम्ही स्क्रीन बाजूला सारून टेबलावरच बसलो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी. आईनं त्या दिवशी शिरा पण दिला होता; तिला यश येणार म्हणून सांगितलेलं होतं.

“आमटी घे की,” अभिनंदन म्हणाला.

“बास.”

“घे थोडी. उरेल.”

तिनं वाटी पुढं केली. त्यानं वाढली. आमटी तिच्या बोटावर सांडली, ती तिनं पुसली. कुणी गेमबद्दल बोललं नाही. डबा धुऊन तिनं पालथा घातला आणि तिच्या स्क्रीनवरची हळद ओल्या फडक्यानं पुसून काढली. मग चार्जरची वायर गुंडाळून अभिनंदनच्या खणात ठेवली.

“हे लागेल तुला,” ती म्हणाली.

“असू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तिला गाडीनं संघात पोचवायला गेले. अभिनंदन खोलीवर होता. मी गेले तेव्हा तो फेऱ्या वाढवत होता. ऊन त्यानं सावकाश केलं, वस्तू कमी केल्या. रविवारी सुधारलेली प्रत गेली. त्यानंतर लोक खेळू लागले. ‘उंबरा’ कधी गाजला नाही, पण बंदही पडला नाही; अजून रोज कुठं ना कुठं कुणी तरी दोघं तो खेळत असतात. ती चाचणीची कळ पुन्हा घाला, असं मी एकदा सुचवलं होतं, नवख्यांसाठी म्हणून. “नको,” तो म्हणाला. पुढं आम्ही खोली सोडली. तो कोल्हापूरला एका कंपनीत लागला, मी परत डेस्कवर गेले. त्यानं लग्न केलं. दुसरा गेम आम्ही केला नाही.

त्रिशलाची दीक्षा काही वर्षांनी झाली. मी मांडवात मागं उभी होते. केस उपटले जात असताना ती ताठ बसली होती. अभिनंदन आई-वडिलांच्या शेजारी होता. तिचं नाव बदललं, आणि त्या दिवसापासून तोही तिला माताजी म्हणतो.

या हिवाळ्यात संघ त्यांच्या गावात आला. अभिनंदन रजा काढून बायकोला, सुनीतीला, घेऊन गावी राहिला. घर धुऊन काढलं, विहिरीचं पाणी गाळून आणलं, स्वयंपाकाचं सगळं सोवळ्यात. चौथ्या दिवशी त्यानं मला फोन केला.

“येता का बघायला?”

“थांबल्या का?”

“नाही अजून. कुणाच्या तरी दारात होतो आहार. उपाशी नाहीत.” मग म्हणाला, “पहिल्या दिवशी दोन केळी आणि पितळेचा तांब्या घेऊन उभा होतो.”

मी आज गेले. मी त्यांच्यातली नाही, आत जाऊन मला आहार देता येत नाही, म्हणून समोरच्या कट्ट्यावर बसले. सकाळचं ऊन गल्लीत उतरलं होतं. अभिनंदन आणि सुनीती दारात उभे. त्याच्या हातात कलश, तिच्या हातात श्रीफळ. उंबऱ्यावर दोन दिवे, खरंतर दिवसा त्यांचं काही काम नव्हतं. प्रत्येक दारात तसेच लोक उभे होते.

माताजी गल्लीच्या तोंडाशी आल्या. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी, नजर पुढच्या जमिनीवर. लोकांनी ‘इथं थांबा’ म्हणून बोलवायला सुरुवात केली. अभिनंदनचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता. “वंदामि माताजी, वंदामि, वंदामि. अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ.”

माताजी अभिनंदनच्या दारासमोर आल्या. दाराकडं पाहिलं. पुढं गेल्या.

गल्लीच्या शेवटच्या घरी, एक म्हातारी आणि तिची सून मधे एकच ताट धरून उभ्या होत्या, तिथं थांबल्या.

अभिनंदननं कलश खाली ठेवला. तो माझ्याकडं कट्ट्यावर आला.

“चाल मंद झाली होती,” तो म्हणाला. “दारासमोर. तुम्ही बघितली?”

“मला नाही वाटत,” सुनीती मागून म्हणाली. “खड्डा आहे तिथं. सगळेच हळू होतात.”

“संपादकबाई?”

मी बघत होते. माझं लक्ष पूर्ण तिथंच होतं. चाल मंद झाली की नाही हे मला सांगता येणार नाही, आणि तेच मी त्याला सांगितलं.

त्यानं मान हलवली. मग तो दारात परत गेला, आणि मांडलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते बघत उभा राहिला.

संघ उद्या आहारानंतर पुढच्या गावाला निघणार आहे. उद्याची सकाळ तेवढी आहे.